आधी स्वयंपाकघर, मग बैठक: शेवंडीच्या पिंजऱ्यांबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी शेवंडीच्या पिल्लांसाठी आम्ही इथे कसले कसले पिंजरे करून बघतो त्यावर दोन पानं लिहिली होती. वाटलं होतं, कोण वाचतंय. पण संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला. काही प्रश्न सारखे होते, ते एकत्र केले आहेत. ज्यांनी पहिला लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: मी मूळची रत्नागिरीची, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, आणि आता अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाच्या राज्यात काम करते. काम म्हणजे दुसऱ्याच्या बोटीवर उभं राहून पिंजऱ्यातून निघालेली प्रत्येक शेवंड मोजायची आणि वहीत लिहायची. पदाचं नाव भारदस्त आहे. पण संध्याकाळी हाताला हेरिंगचा (आपल्या तारलीची लांबची बहीण) जो वास येतो, तो तीन वेळा लिंबू चोळूनही जात नाही.

ताई, इकडे सगळे सांगतात पिल्लं पकडू नका. तुम्ही तर पिल्लं पकडायलाच पिंजरा बनवताय. हे कसं काय? — एक वाचक, अलिबाग

पकडतो, मोजतो आणि सोडतो. जिथून उचलली तिथेच, आणि तीही हात पाण्यात बुडवून. वरून भिरकावली तर तळाला पोचायच्या आत एखादा मासा तिचा घास करतो.

पण तुमच्या प्रश्नात एक गंमत आहे. इथल्या कोळ्याचा नेहमीचा पिंजरा पिल्लांना जाऊ देण्यासाठीच बांधलेला असतो. प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या तारेची साधारण मीटर-सव्वा मीटर लांब पेटी, आत दोन खोल्या. पहिलीला इथले लोक स्वयंपाकघर म्हणतात, कारण आमिषाची पिशवी तिथे टांगलेली असते. खाऊन झालं की बाहेर पडायची वाट शोधताना शेवंड विणलेल्या दोऱ्याच्या नरसाळ्यातून वर चढते आणि दुसऱ्या खोलीत पडते. ती बैठकीची खोली. आपल्याकडे पाहुण्याला आधी बैठकीत बसवतात, फारच घरचा असला तर स्वयंपाकघरापर्यंत येऊ देतात. इथे सगळं उलटं, आणि बैठकीत गेलेला पाहुणा सहसा परत येत नाही.

या बैठकीच्या भिंतीला एक आडवी फट ठेवावीच लागते, तसा कायदा आहे. फटीची उंची ४९ मिलिमीटर. विकायला परवानगी नसलेली लहान शेवंड त्यातून सरळ चालत बाहेर जाते. म्हणजे कोळी पिंजरा ओढतो तेव्हा त्यात मोठ्या शेवंडी असतात, आणि तीन-चार वर्षांनी मोठ्या होणाऱ्या कधीच निघून गेलेल्या असतात. कोळ्याचा फायदा, शेवंडीचा फायदा, नुकसान फक्त माझ्यासारख्या मोजणारणीचं.

म्हणून पहिला उपाय अगदी सोपा निघाला: फट बंद करा. मेनपासून दक्षिणेकडच्या राज्यांपर्यंत २००६ पासून उन्हाळ्यात असे बिनफटीचे पिंजरे ठरलेल्या पद्धतीने टाकतात. पाण्याच्या खोलीप्रमाणे पट्टे पाडलेले: २० मीटरपर्यंत, मग ४०, मग ६०. जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या, कोळ्याला जिथे भरपूर मिळतात तिथे नव्हे. यावरून दर वेळी वाद होतो. आमच्या बोटीचा तांडेल (इथे तांडेल म्हणत नाहीत, मी मनात म्हणते) नकाशा बघून म्हणतो, "इथे कुत्रंसुद्धा नसतं." मी म्हणते, नसतं तेच लिहायचंय. तो मान हलवतो आणि बोट वळवतो.

या बिनफटीच्या पिंजऱ्यात अर्धवट वाढलेली शेवंड येते, समजा कॉलेजात जाणारी. बालवाडीतली काही केल्या येत नाही. माझा सगळा खटाटोप त्या बालवाडीसाठी आहे.

मी निवृत्त अभियंता. शंभर पिंजरे टाकले, इतक्या मिळाल्या, तर समुद्रात इतक्या, हे साधं त्रैराशिक का चालत नाही? — एक वाचक, पुणे

लग्नाच्या पंगतीत किती पानं उठली यावरून गावाची शिरगणती कराल का? आजारी आले नाहीत, रुसलेले आले नाहीत, तान्ही बाळं आली नाहीत, आणि शेजारच्या गावचे चार आगंतुक जेवून गेले. पिंजऱ्याचं तसंच आहे.

न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या मंडळींनी पिंजऱ्यावरच व्हिडिओ कॅमेरा बसवला आणि तो पाण्याखाली चालू ठेवला. २००१ साली त्यांचं काम छापून आलं. त्यातला आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छापण्यात चूक आहे असं वाटलं. पिंजऱ्यात शिरलेल्या शेवंडींपैकी फक्त ६ टक्के अडकल्या. उरलेल्या ९४ टक्के खाऊन-पिऊन बाहेर. आणि बाहेर पडलेल्यांतल्या २८ टक्के त्या कायद्याच्या फटीतून गेल्या, ७२ टक्के ज्या दारातून आल्या त्याच दारातून. म्हणजे इथला शेवंडीचा पिंजरा हा सापळा कमी आणि खानावळ जास्त. दीडशे वर्षं लोक तो ओढतायत आणि आत काय चालतं ते कुणी पाहिलं नव्हतं.

कॅमेऱ्यात आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या कामाला तीच महत्त्वाची. पिंजऱ्याच्या आतबाहेर सतत मारामारी चाललेली असते. एखादी दांडगी शेवंड आमिषापाशी ठाण मांडते आणि येणाऱ्याला नांगी दाखवते. त्याआधी १९८३ सालीच ऱ्होड आयलंडच्या बाजूला प्रयोग झाला होता: पिंजऱ्यात आधीच शेवंडी ठेवून तो पाण्यात सोडला, तर खेकडे आत यायचे कमी झाले. दारात दादा उभा असला की बारके आत येत नाहीत.

तेव्हा पिंजऱ्यात पिल्लं नाहीत याचे अर्थ तीन. समुद्रात पिल्लं नाहीत. किंवा पिल्लं आहेत पण आत यायला घाबरली. किंवा आली, खाऊन गेली, आणि मी उशिरा पोचले. त्रैराशिकाला हे तिन्ही सारखेच दिसतात. शिवाय पाणी गार असलं की शेवंड हिंडत नाही, कात टाकायच्या दिवसांत जेवत नाही, तेव्हाही पिंजरा रिकामाच. म्हणून आम्ही एकच करतो: दरवर्षी तोच महिना, तोच पट्टा, तेच आमिष, तेवढ्याच रात्री. त्यातून समुद्रात किती शेवंडी आहेत ते कळत नाही. गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त, एवढं कळतं. तुमच्यासारख्या माणसाला हे फार अपुरं वाटेल. मलाही पहिली दोन वर्षं वाटायचं.

शेवंडीचं पिल्लू केवढं असतं? ते चावतं का? — इयत्ता सातवी, मालवण

तू ज्या शेवंडी बघितल्यास त्यांना नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात. इथल्या शेवंडीला दोन जाड नांग्या असतात. पण तळाला पहिल्यांदा उतरते तेव्हा ती तुझ्या अंगठ्याच्या नखावर मावेल एवढीच असते. पाठीचं कवच जेमतेम चार-पाच मिलिमीटर. तरी बोट जवळ नेलंस की दोन्ही नांग्या उगारते. मला नेहमी हसू येतं. चावण्याएवढी ताकद नसते, नुसता आव.

मोठ्या शेवंडीची एक नांगी जाड असते, शिंपले फोडणारी. दुसरी बारीक, कापणारी. पिल्लाच्या दोन्ही सारख्या असतात. जी जास्त वापरली ती पुढे जाड होते. प्रयोगशाळेत ज्या पिल्लांना पकडायला काहीच दिलं नाही, त्यांच्या बऱ्याचदा दोन्ही नांग्या बारीकच राहिल्या. तुझ्या वर्गात डावखुरं कोण आहे? शेवंडींतही असतात.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तुम्ही लेखात तीन नमुने म्हणालात पण मापं दिली नाहीत. जाळी किती, दार किती, वजन किती? आणि कुठला चालला? — एक वाचक, चिपळूण

शेवटी कुणीतरी नीट प्रश्न विचारला!

बाजारातल्या पिंजऱ्याची जाळी दीड इंची असते. त्यातून माझी गिऱ्हाइकं आरपार जातात. म्हणून पहिल्या नमुन्याला अर्ध्या इंचाची जाळी लावली आणि दार इतकं लहान ठेवलं की मोठ्या शेवंडीची नांगीच अडकावी. हेतू हा की दांडगे बाहेर राहतील आणि बारक्यांना निवांत जेवता येईल. कागदावर फार छान दिसत होतं. मी रात्री बारापर्यंत जाळी कापत बसले होते, बोटांना पट्ट्या.

पहिल्याच आठवड्यात भरतीच्या ओढीने तो पिंजरा लोळवला. तुमच्या लक्षात आलं असेल: जाळी बारीक झाली की पाण्याला अडणारा भाग वाढतो, आणि मी वजन मात्र नेहमीएवढंच ठेवलं होतं, तळाला विटा. वर काढला तेव्हा दोर त्याला चहाच्या पुड्याला सुतळी गुंडाळावी तसा गुंडाळलेला. तांडेल काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून चार विटा आणून ठेवल्या. तेव्हा मला जास्त लाज वाटली.

विटा वाढवल्यावर पिंजरा जागेवर राहिला, आणि भरून यायला लागला. हिरव्या खेकड्यांनी. हा खेकडा मूळचा युरोपातला, एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर इकडे आला आणि घरजावयासारखा राहिला. शेवंडीला लहान वाटणारं दार त्याला अगदी बेताचं. हेरिंगचा वास आला की तो सगळ्यांच्या आधी हजर. म्हणजे मोठी शेवंड बाहेर ठेवायच्या नादात मी दारात दुसराच दादा उभा केला होता.

मग दुसरा नमुना: तोच पिंजरा, आमिष निम्मं आणि तेही भोकं पाडलेल्या डबीत, म्हणजे वास येईल पण फाडून खाता येणार नाही. खेकडे कमी झाले, पिल्लं वाढली नाहीत. यावर मी फार रेंगाळत नाही.

तिसऱ्या नमुन्यात आमिषच काढून टाकलं. त्याऐवजी प्लंबरकडच्या पाइपचे तुकडे आणि मुठीएवढे गोटे भरले. आता पिंजऱ्यात खायला काही नाही, लपायला भरपूर. तीन रात्रींऐवजी तीन आठवडे ठेवला. ऑगस्ट गेला. सप्टेंबरच्या एका सकाळी सलग अकरा पिंजरे रिकामे आले: चिखल, शेवाळ, एक तारामासा. बाराव्यात पाइपच्या तोंडाशी दोन मिशा हलताना दिसल्या. पाठीचं कवच ३१ मिलिमीटर. मी ते माप वहीत दोनदा लिहिलं, चुकून.

का बरं आमिषाला येत नाहीत, ते इतकं साधं आहे की माझ्या आजीने सांगितलं असतं. या वयात भूक दुय्यम असते. तळावरचा प्रत्येक मासा, प्रत्येक खेकडा तिला खायला टपलेला. म्हणून कवच साधारण ४० मिलिमीटर होईपर्यंत पिल्लू गोट्यांच्या सांदीतून फारसं बाहेर पडत नाही. जे वाहत येतं, जे दगडावर सरपटतं, त्यावर भागवतं. तिला जेवणाचं आमंत्रण देऊन उपयोग नाही. खोली भाड्याने द्यायची.

आणि आता खरं सांगते, म्हणजे तुम्ही मला फार हुशार समजणार नाही. ही कल्पना माझी नाही. मेनमध्ये १९८९ पासून पाणबुडे शरद ऋतूत उथळ गोटाळ तळावर उतरतात, अर्ध्या चौरस मीटरची चौकट टाकतात, एकेक दगड उचलतात आणि हवेच्या जोरावर चालणाऱ्या नळीने खालचं सगळं जाळीच्या पिशवीत ओढून घेतात. त्यात त्या वर्षी उतरलेली पिल्लं मिळतात. पाणबुड्या खोल पाण्यात फार वेळ थांबू शकत नाही, म्हणून नंतर दुसरी युक्ती काढली: तारेचे उथळ ट्रे, तळाला बारीक जाळी, वर गोटे रचलेले. पिल्लं उतरायच्या हंगामाआधी बोटीवरच्या यारीने ते तळाला सोडायचे आणि शरदात वर काढून एकेक गोटा उचलून बघायचा. दोन माणसांना हलत नाही असं धूड, पण काम चोख करतं. पाणबुडा जाऊ शकत नाही तिथेही जातं.

तेव्हा कुठला नमुना चालला? वाईट वाटून घेऊ नका, पण बालवाडीसाठी सगळ्यात चांगला पिंजरा म्हणजे ट्रेभर दगड. त्यात फॅब्रिकेशन जवळजवळ नाही. माझ्या पाइपवाल्या पेटीला काम उरतं ते मधल्या वयाच्या पोरांसाठी, जी दगडाखालून नुकती बाहेर पडायला लागलीत पण आमिषाच्या पिंजऱ्यात दादांसमोर उभी राहायला अजून धजत नाहीत. साधारण २५ ते ५० मिलिमीटर. तिसऱ्या नमुन्याची मापं मी तुम्हाला वेगळी कळवते. दाराची चौकट तुम्ही माझ्यापेक्षा सरळ कापाल याबद्दल शंका नाही.

आमच्याकडे वाडवडील सांगायचे खडपात हात घातला की शेवंड. आता डोलीच्या जाळ्यात, ट्रॉलरला जी मिळते ती बारीक. तुमचे पिंजरे इकडे चालतील काय? — एक मच्छीमार, हर्णै

दादा, सरळ उत्तर: माझे पिंजरे नाही चालणार. पण पिल्लं मोजायची दुसरी पद्धत आहे, आणि ती तुमच्या शेवंडीच्या चुलतबहिणीवर तयार झालेली आहे.

इथल्या शेवंडीची अंडी फुटल्यापासून महिना-दोन महिन्यांत पिल्लू तळाला बसतं. आपल्या काटेरी मिशांच्या शेवंडीचं तसं नसतं. तिचं पिल्लू पिंपळाच्या जाळीदार पानासारखं चपटं, पारदर्शक, आणि ते कित्येक महिने खोल समुद्रात वाहत राहतं. मग एक दिवस रूप पालटून काचेची शेवंड होते: आकार आईसारखा, अंग स्वच्छ काच. या काचेच्या अवस्थेत ती काही खात नाही, नुसती किनाऱ्याकडे पोहत येते आणि पहिला आडोसा मिळेल तिथे चिकटते. हे बहुतेक काळोख्या रात्री होतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियाने हेच हेरलं. १९६८ पासून ते उथळ पाण्यात नकली शेवाळाचे झुबके लावलेली चौकट तरंगत ठेवतात. अवसेच्या काळोखात काचेच्या शेवंडी त्याला येऊन चिकटतात, आणि पौर्णिमेच्या सुमाराला जाऊन ते झुबके झटकून मोजतात. दर महिन्याला. आमिष नाही, दार नाही. तुम्हाला तिथी पाठ असते, म्हणून मुद्दाम सांगते. इथल्या माझ्या सहकाऱ्यांना अमावास्या मोबाइलवर बघावी लागते.

त्या मोजणीचा उपयोग काय? या वर्षी झुबक्यावर किती बसल्या यावरून तीन-चार वर्षांनी कोळ्याला किती मिळतील याचा अंदाज त्यांना आधीच येतो. २००८-०९ च्या हंगामात झुबके जवळजवळ रिकामे आले, चाळीस वर्षांतला नीचांक. त्या वेळी बाजारात शेवंड होती, बोटी भरत होत्या. तरी तिथल्या सरकारने मासेमारी तेव्हाच मोठ्या प्रमाणात कमी केली, दुष्काळ यायच्या आधी. व्हिएतनाममध्ये अशाच काचेच्या शेवंडी पकडून पिंजऱ्यात वाढवतात; तिथले लोक लाकडाच्या ओंडक्याला भोकं पाडून पाण्यात टांगतात, भोकात पिल्लू येऊन बसतं. तिथे मात्र मोजून सोडत नाहीत, विकतात. ओंडका तोच, पण माझं काम आणि त्यांचं काम अगदी विरुद्ध.

मोठ्या शेवंडीसाठी पिंजरा आपल्या देशात नवा नाही. कन्याकुमारीकडे कोलाचेलला ताडाच्या देठांचे पिंजरे जुने आहेत. पण प्रत्येक जात पिंजऱ्यात येतेच असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या टॉरेस सामुद्रधुनीतली रंगीत शेवंड आमिषाला भुलत नाही, तिथे बुडी मारून हाताने धरतात.

आता आपल्याकडचं. मुंबईच्या समुद्रात सपाट डोक्याची, फावड्यासारख्या मिशांची वाळूतली शेवंड ट्रॉलरना मिळायची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शेकडो टन. १९९४ पर्यंत ती मासेमारी संपली. अंड्यांवरच्या माद्याही जाळ्यात येत होत्या, आणि पिल्लं मोजणारी चौकट कुठेच टांगलेली नव्हती, त्यामुळे संपत आली हे कळलं ते संपल्यावर. केंद्र सरकारने २००३ साली निर्यातीसाठी कमीत कमी वजन ठरवलं: तुमच्या डोलीतल्या चिखलातल्या शेवंडीला ३०० ग्रॅम, खडपातल्या एका जातीला २००, रंगीत शेवंडीला ५००, वाळूतलीला १५०. पण तो नियम निर्यातीचा. हॉटेलात आणि बाजारात बारीक शेवंड विकली जाते तिथे त्याचा हात पोचत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

तुम्ही विचारलंत म्हणून एक करून बघा, याला पैसे लागत नाहीत. घरातली जुनी वही घ्या. शेवंड मिळाली की तिथी, किती वाव पाणी, कुठल्या जाळ्यात, किती नग, पोटाखाली अंडी आहेत की नाहीत. वजनाऐवजी पाठीचं कवच मोजा, डोळ्याच्या खोबणीपासून मागच्या कडेपर्यंत. हलत्या होडीत वजनकाटा खोटं बोलतो. आणि जे दिवस एकही मिळाली नाही तेही लिहा. ते दिवस कुणी लिहीत नाही, आणि मला नेमके तेच हवे असतात. दोन वर्षांची वही झाली की मला संपादकांच्या पत्त्यावर झेरॉक्स पाठवा.

तिकडचे कोळी तुमचं ऐकतात का? — एक वाचक, ठाणे

ऐकतात, पण मानतातच असं नाही. ताजी गोष्ट सांगते. मेनमध्ये पाठीचं कवच सव्वातीन इंचांहून लहान असलेली शेवंड ठेवता येत नाही, आणि पाच इंचांहून मोठीही नाही. प्रत्येक बोटीवर पितळी माप असतं. अंड्यांवरची मादी मिळाली तर तिच्या शेपटीच्या पंख्याला 'व्ही'सारखी खाच पाडून सोडायची. पुढे अंडी नसली तरी खाच बघून तिला पुन्हा सोडायचं. हे नियम इथले कोळी मनापासून पाळतात, त्यांच्या आज्यापणज्यांपासून चालत आलेत.

२०२३ मध्ये असं ठरलं की मोजणीत लहान शेवंडींचा आकडा ३५ टक्क्यांनी खाली आला तर ते खालचं माप आपोआप वाढेल. किती? इंचाचा सोळावा भाग. दीड मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. आकडा ३९ टक्के खाली आला. तो आकडा येतो ट्रॉलच्या सर्वेक्षणातून आणि त्या बिनफटीच्या पिंजऱ्यांतून, म्हणजे थोडा माझ्या वहीतूनही. कोळी भडकले. म्हणाले, शेवंड गार पाण्यासाठी खोल गेली, तुम्ही जुन्याच जागी शोधताय. माप वाढवायची तारीख आधी पुढे ढकलली आणि २०२५च्या सुरुवातीला तो निर्णयच मागे घेतला.

मी कुणाच्या बाजूने? माझा आकडा खोटा नाही, हे मला माहीत आहे. पण "खोल गेली असेल" या म्हणण्याला माझ्या पिंजऱ्यापाशी पक्कं उत्तर नाही, कारण ६० मीटरखाली आमचे पट्टे संपतात. त्यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. दगडांचे ट्रे खोल पाण्यात न्यायचं काम त्यासाठीच महत्त्वाचं. न्यू हॅम्पशायरच्या लोकांनी २०१८ मध्ये आणखी एक धागा दाखवला: अंड्यातून निघालेली बाळं कमी झालेली नाहीत, तळाला उतरायच्या वयाची मात्र कमी झालीत, आणि त्याचा मेळ ती खातात त्या बारीक प्लवकांच्या घटीशी बसतो. म्हणजे खोट कदाचित तळाच्या आधीच, वर पाण्यात आहे. तिथे ना माझा पिंजरा पोचतो, ना कोळ्यांचा.

आमच्या तांडेलाने त्या गदारोळात सभेला जाऊन आमच्या विरोधात हात वर केला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला नेहमीसारखा बोटीवर हजर. "तुझे रिकामे पिंजरे ओढायचेत ना आज?" म्हणाला.

एवढ्या शेवंडी हाताळता, खाववते का? — नाशिक

हो. लोण्यात नाही, ओल्या खोबऱ्याच्या वाटणात. नवरा शाकाहारी आहे, त्यामुळे अख्खी मलाच.

पिंजरा दोर तुटून समुद्रात राहिला तर आतली शेवंड मरेपर्यंत अडकून पडते का? मला झोप लागली नाही हे वाचून. — एक वाचक, सातारा

म्हणून प्रत्येक पिंजऱ्याच्या भिंतीत एक झडप ठेवावी लागते, नऊ-साडेनऊ सेंटीमीटर चौरस, आणि ती मुलामा न दिलेल्या बारीक लोखंडी कड्यांनी बांधायची. खाऱ्या पाण्यात कड्या गंजतात, तुटतात, झडप उघडते. दुकानात नीट टिकणारी कडी मागायची सवय असलेल्या माणसाला इथे न टिकणारी मागावी लागते.

माझा तिसऱ्या नमुन्याचा एक पिंजरा गेल्या नोव्हेंबरच्या वादळात गेला. बोया मिळाला, पिंजरा नाही. सुमारे अठरा मीटर पाण्यात असेल. त्याच्या तारेवर आमच्या नंबराची पट्टी आहे, तेव्हा कुणाच्या दोरात अडकून वर आला तर फोन येईल. आत पाइपचे तुकडे आणि गोटे तसेच असतील, आणि झडपेच्या कड्या एव्हाना गेल्या असतील.